डावीकडचा समास

१

टीव्ही कडा खातो, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. आणि तेही ज्याला मी सातवीत एकाच वहीच्या सर्व पानांवर पुन्हा समास आखायला लावले होते, त्या कानिफनाथाकडून.

कानिफनाथाचे केडगावात देवीच्या रस्त्यावर टीव्हीदुरुस्तीचे दुकान आहे. आज त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. तरीही घरात शिरताना तो चपला जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवतो. ही सवय कोणी लावली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

माझ्या आतल्या खोलीतला संगणक बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसावा, यासाठी त्याने एक काळी डबी आणली होती. आकाराने ती पत्त्यांच्या दोन जोडांएवढी असेल. तिच्या एका अंगाला संगणकाकडून आलेली जाड केबल, दुसऱ्या अंगाला टीव्हीत जाणाऱ्या तीन रंगांच्या वायरी. माथ्यावर बटणे होती: चित्र लहानमोठे करण्याची दोन, सरकवण्याची चार.

"बाई, नवा टीव्ही घ्या की. डबीबिबी काय लागत न्हाई त्याला. सरळ लागतो."

"हा टीव्ही मला निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी दिला आहे. त्यात तुझाही वाटा होता."

"व्हता. म्हनूनच सांगतोय. त्याची वासलात लावायचं पाप माझ्याकडनं हुईल, तुमी घाबरू नका."

त्याने खटका दाबला. संगणकाचा पडदा टीव्हीवर आला. परंतु चारी बाजूंनी तोकडा. डावीकडच्या सर्व नावांची पहिली अक्षरे गायब झालेली होती.

"हे काय?"

"जुना टीव्ही कडा खातो, बाई. बोटबोटभर. समद्यांचाच खातो. कुनी तक्रार करत न्हाई."

"शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेत तेच लिहिले आहे, म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, कानिफनाथ."

"न्हाई बाई," असे म्हणून त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला. शाळेत असताना पेरू असाच लपवत असे.

२

हा सारा खटाटोप अक्कासाठी होता.

अक्का म्हणजे मनकर्णा, माझी थोरली बहीण; माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नेवाशाजवळच्या मळ्यात तिचा मोठा संसार आहे. फाल्गुनात ती गोठ्यासमोर पडली आणि तिचा खुबा मोडला. नगरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. दवाखाना जवळ असावा म्हणून तिच्या मुलाने, आदिनाथाने, तिला माझ्याकडे आणून सोडले. मी माझी खाट तिला दिली आणि स्वतः तिच्याजवळच जमिनीवर गादी टाकली. या घरात तेव्हापासून आम्ही दोघीच.

शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. अक्का मात्र उठायला तयार नव्हती. वॉकर खाटेशी उभा होता आणि त्यावर तिचे लुगडे वाळत असे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, "बाई, या महिन्यात त्या उभ्या राहिल्या नाहीत, तर पुढे उभ्या राहणार नाहीत. या वयात अंथरूण माणसाला सोडत नाही."

मी हे अक्काला शब्दशः सांगितले. खोटा धीर देणे माझ्या स्वभावात नाही.

"त्या डाक्तरला म्हनावं, तू पड आधी," अक्का म्हणाली. "मग सांग उभं राह्यला. लई कळ येती."

"कळ येणारच. म्हणून काय जन्मभर निजून राहणार?"

"ऐंशी वर्सं उभीच व्हते की! तू बसून पगार घेतलास, राजे. मी एक दिस बसले न्हाई."

मी वॉकरवरचे वाळलेले लुगडे उतरवून त्याची घडी घातली.

अखेर सौदा ठरला तो निकिताच्या लग्नावरून. निकिता ही अक्काची नात. तिच्याच मांडीवर वाढलेली. लग्न नेवाशाला, वैशाखात, दुपारच्या मुहूर्तावर. फोटोवाला ते इंटरनेटवरून थेट दाखवणार होता. परंतु संगणकाचा पडदा पाटीएवढा, अक्काची दृष्टी अधू, आणि खाटेपासून आतल्या खोलीपर्यंत तिला नेणार कोण? टीव्ही मोठा होता आणि खाटेसमोर होता.

"निकीचं तोंड नीट दिसलं, तर दुसऱ्या दिशी उभी राहीन," अक्काने गळ्याला चिमटा घेऊन सांगितले. "न्हाई दिसलं, तर मला कुनी हात लावायचा न्हाई."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी लाकडी फूटपट्टी घेतली आणि डबीसमोर उभी राहिले.

वहीच्या डाव्या बाजूला एक इंच जागा कोरी सोडावी, ही शिस्त मी छत्तीस वर्षे मुलांना लावली. त्या कोऱ्या पट्टीला आपण समास म्हणतो. तिच्यात विद्यार्थ्याने काही लिहायचे नसते. ती तपासणाऱ्याची जागा. वहीला समास एका बाजूला पुरतो. चित्राला चारी बाजूंनी हवा, असे माझे मत पडले. मी लहान करण्याचे बटण दाबत गेले. चित्र आत आत येऊ लागले. खाल्लेल्या कडा परत आल्या, नावांना पहिली अक्षरे फुटली, आणि चित्राभोवती काळी चौकट उभी राहिली. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येकी एक इंच. मी चारदा मोजले.

"झालं का गं गनित?" अक्काने विचारले.

"झाले. पाहा, कसे रेखीव दिसते!"

"दिसतंय बाई. मेल्याच्या फोटूला काळी पट्टी असती तसं."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि चष्मा पुसला. डावीकडच्या काळ्या पट्टीत, अगदी तळाशी, काही ठिपके दिसत होते. तांबूस, बारीक, मोहरीएवढे. इतर तीन पट्ट्या स्वच्छ काळ्या होत्या.

मी पदराने काच पुसली. ठिपके गेले नाहीत. आतल्या खोलीत जाऊन संगणक पाहिला. तिथे काही नव्हते. असण्याचा प्रश्नही नव्हता, कारण समास संगणकाचा नव्हताच. संगणकाचे चित्र जिथे संपत होते, त्याच्या पलीकडची ती जागा होती.

४

फोनवर कानिफनाथ म्हणाला, "वायर हलकी असंल, बाई. त्याला नॉईज म्हनत्यात." संध्याकाळी येऊन त्याने वायर बदलली. ठिपके होते तिथेच होते.

"तुला दिसतात ना?"

त्याने नाक काचेला टेकवले. "दिसत्यात की. पर बाई, नॉईज असा वळीत बसत न्हाई. त्यो मुंग्यावानी वळवळतो. ह्ये तर..."

"हे तर काय?"

"ह्ये तर रांगोळीच्या ठिपक्यावानी बसल्यात." मग तो हसला. "तुमच्या घरात नॉईजला बी शिस्त लागली, दुसरं काय!"

तो विनोद चांगला होता. मीही हसले.

त्यानंतरच्या सकाळी अक्काचा डोळा लागला असताना मी पुन्हा डबीपाशी गेले. शंका आली की प्रयोग करावा, असे मी मुलांना शिकवले आहे. मी चित्र आणखी लहान केले आणि उजवीकडे सरकवले. डावीकडचा समास एक इंचाचा तीन इंच झाला. टीव्हीतून नेहमीची बारीक घरघर येत होती. बाहेर भाजीवाला ओरडत होता. ऊन पायरीवर होते. अशा वेळी मनुष्याला भलतेसलते दिसत नाही.

समासात खोली होती.

तिच्यात उजेड फारच कमी होता, म्हणून नजर ठरायला वेळ लागला. प्रथम खाटेचा लोखंडी पाय दिसला. मग खाटेची कड. मग तिच्यावर गुंडाळून ठेवलेली गादी. खाटेजवळ फरशीवर काहीतरी गोल, पालथे होते आणि ते तांबूस ठिपके त्याच्यातून येत होते.

मी स्वतःला बजावले, हे परावर्तन आहे. टीव्हीची काच फुगीर आहे, समोर खाट आहे, खाटेचे प्रतिबिंब पडणारच. मी मागे वळून पाहिले. खाटेवर अक्का तोंड उघडे टाकून घोरत होती. मी पुन्हा काचेकडे पाहिले. तीच खाट, परंतु तिच्यावर कोणी नव्हते. प्रतिबिंब वस्तू उलटी दाखवील, वेडीवाकडी दाखवील. मनुष्य गाळणार नाही.

मग ते गोल काय आहे, ते मला ओळखू आले. ते टोपले होते. बांबूचे, विणीचे. आत दिवा जळत होता आणि विणीच्या भोकाभोकांतून उजेड बाहेर येत होता.

आमच्याकडे मनुष्य गेला, की तो जिथे निजत असे त्या जागी पीठ पसरतात, पिठावर दिवा ठेवतात आणि त्यावर टोपले पालथे घालतात. सकाळी टोपले उचलून पिठात काय उमटले ते पाहायचे. त्यावरून गेलेला कोणत्या योनीत गेला ते समजते म्हणे. पारनेरकडच्या आमच्या माहेरी वडील गेले, तेव्हा हे अक्कानेच केले होते. मी त्या वेळी शिक्षिकेच्या परीक्षेला बसले होते. पिठातल्या रेघा मुंग्यांच्या आहेत, असे मी सर्वांसमोर सांगितले होते आणि अक्का आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

मी मोठे करण्याचे बटण दाबले आणि दाबतच राहिले. समास मिटला. टीव्हीने पुन्हा कडा खाल्ल्या.

५

त्या दिवसापासून मी समासाशिवाय जगू लागले.

कानिफनाथाला फार आनंद झाला. "बघा बाई, शेवटी आलात का न्हाई आमच्या वळनावर! समदे असंच बघत्यात."

अक्काच्या बाबतीत मी विलक्षण प्रेमळ झाले. पुरणपोळी केली, मांडे करण्याचा प्रयत्न केला, तिच्या पायाला तेल चोळले. तिने काय खाल्ले, किती श्वास घेतले, हे मी डोळ्यांनी मोजू लागले.

"राजे, तुला काय झालंय?" एकदा तिने विचारले. "सारखी माझ्या नाकाम्होरं हात धरतीस. जिती हाय मी अजून."

"माशी होती."

"खोटं बोलायला शिक आधी. येवढं शिकलीस, पर त्येवढंच ऱ्हायलं."

मी स्वतःशी युक्तिवाद करीत असे. एका डबीतल्या बिघाडावरून बहिणीचे मरण ठरवणारी स्त्री मी नव्हे. तरीही संगणक सुरू करताना माझा हात लहान करण्याच्या बटणाजवळून जात नसे. आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. अक्का उठली नाही, तर ती खाट रिकामी होण्यास डबीची आवश्यकता नव्हती. डॉक्टरांचे म्हणणे पुरेसे होते.

६

लग्नाच्या दिवशी मी अक्काला जरीकाठाचे लुगडे नेसवले, पाठीशी तीन उशा देऊन बसती केली आणि तिच्या मुठीत अक्षता दिल्या. कानिफनाथही जेवायला यायचा होता. परंतु तो केडगावातच दुसऱ्या एका लग्नाच्या पंगतीत अडकला.

पडद्यावर मंडप आला. भटजी आले, आदिनाथ फेटा सावरताना दिसला, मामा नवरीला घेऊन आला. अंतरपाट धरला गेला. उजवीकडे नवरदेव, अगदी ठसठशीत. डावीकडे निकिताचा चुडा भरलेला एक हात आणि खांदा. बाकीची निकिता टीव्हीने खाल्ली होती.

"पोरगी कुठंय?" अक्का म्हणाली.

"आहे. तिथेच आहे."

"हात दिसतोय. हात कुनाचा बी असतो. तोंड दाखव."

मी चित्र एक बोटभर उजवीकडे सरकवले. निकिता माझ्यापुरती पूर्ण दिसू लागली. परंतु अक्काची खाट जरा तिरपी होती आणि टीव्हीची जाड चौकट तिच्या आड येत होती. टीव्ही शोकेसमध्ये ठोकून बसवलेला. तो हलवणे मला एकटीला शक्य नव्हते.

"अजून सरकव."

मी बटणावर बोट ठेवून थांबले. आणखी सरकवणे म्हणजे डावीकडे समास उघडणे.

"राजे! मंगलाष्टका चालू झाल्या! नवरदेव गेला तरी चालंल, त्याला मी काय करायचाय? माझी पोर दाखव!"

"थांब, अक्का. डबी गरम झाली आहे."

"डबी गरम झाली, मग मी काय करू? फुंकर घाल." मग तिचा आवाज एकाएकी लहान मुलीसारखा झाला. "दाखव की गं. मी कुटं परत बघनार हाय?"

त्या वाक्यानंतर मनुष्य विचार करीत बसत नाही. तिला निकिता दिसली नाही, तर ती उभी राहणार नाही. आणि दिसली, तर मला जे दिसेल ते मी पाहीन. पाहणारी मी होते, तिची दृष्टी अधू होती. हा हिशेब मला मान्य झाला. मी बटण दाबले. एकदा, दोनदा, पाच वेळा.

निकिताचे तोंड चौकटीच्या आडून बाहेर आले. मुंडावळ्यांच्या आड ती खाली पाहत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती.

"आली!" अक्का ओरडली. "आली माझी बाय! बघ, नाक बघ. माझं नाक हाय त्ये!" आणि तिने पहिली मूठ भिरकावली. तांदूळ काचेवर तडतडले, माझ्या केसांत अडकले.

मी समासाकडे पाहणार नव्हते. परंतु तिथे काहीतरी हलले.

टोपले उचलले जात होते. दिव्याचा उजेड मोकळा होऊन फरशीवर सांडला आणि त्या उजेडात एक बाई वाकलेली दिसली. तिने टोपले बाजूला ठेवले. पिठाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, बहुधा कण्हत कण्हत, ती उभी राहिली. दोन्ही पायांवर. आधाराला वॉकर नव्हता, भिंत नव्हती.

तोंड तिने माझ्याकडे केले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. माहेरच्या ओढ्यापासून शाळेच्या पायरीपर्यंत मी चार वर्षे त्या पाठीमागून चालले आहे. स्वतः कधी वर्गात न बसलेली ती पाठ मला दररोज सोडायला येत असे.

एक पाऊल, दुसरे पाऊल. समासाच्या कडेपलीकडे ती चालत निघून गेली. मागे खाट राहिली, गुंडाळलेली गादी राहिली आणि दिवा राहिला.

"शुभमंगल सावधान!" मंडप गरजला. वाजंत्री सुटली. माझ्या पाठीवर तांदळाची दुसरी मूठ बसली.

७

मला हसू आले. प्रथम हलकेच, मग इतके, की मी शोकेसला धरून उभी राहिले.

"काय गं? का हसतीस?"

"तू चालणार आहेस, अक्का."

"कोन म्हनलं?"

"मी म्हणते."

"तू काय डाक्तर हायस?"

"त्यांच्यापेक्षा पक्के सांगते. आधार न घेता चालणार आहेस. खाली वाकशीलसुद्धा."

अक्काने माझ्याकडे संशयाने पाहिले. परंतु नातीचे लग्न डोळा भरून पाहिलेल्या बाईला त्या दिवशी कशाचेच भय वाटत नव्हते. तिने दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. जेवणाचे ताट बाजूला सारून तिने वॉकरवरचे लुगडे ओढून टाकले आणि माझ्या खांद्याचा चांगला चिमटा काढत उभी राहिली. डगमगली, मला दोन ग्राम्य शिव्या दिल्या, आणि उभीच राहिली.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. जे कळायला हवे होते ते कळले होते. उरले ते गणित सोपे होते. खाट माझी. घरातली माणसे दोन. त्यांतली एक उभी राहून चालत गेली. ही वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही जमेल, आणि उत्तर आवडले नाही म्हणून ते चुकीचे ठरत नाही. पिठात काय उमटले होते, तेवढे मात्र मला दिसले नाही. ते कळले असते, तर बरे वाटले असते. मुंग्या नव्हत्या, इतके अक्काच्या पाहण्यावरून मी सांगू शकते.

कधी, हे मला ठाऊक नाही. समास मी पुन्हा उघडला नाही. उत्तरपत्रिका एकदाच तपासावी.

आता महिना होत आला आहे. अक्का वॉकर सोडून भिंतीच्या आधाराने चालते. तिने आता नेवाशाला परत जावे, असा आदिनाथाचा आग्रह आहे. ती म्हणते, "राजीला एकटी टाकून मी न्हाई येनार. ती हल्ली लई हसती, मला तिचा भरवसा वाटत न्हाई." खाट तिने मला परत दिली आहे; मऊ गादीवर पाठ दुखते म्हणे, म्हणून ती स्वतः आतल्या खोलीत चटईवर निजते. मी तिच्याशी वाद घातला नाही.

रोज सकाळी मी तिला अर्धा तास शिकवते. विजेचे मुख्य बटण कोणते, पाण्याची टाकी भरली हे कसे ओळखायचे, कानिफनाथाला फोन कसा लावायचा. विद्यार्थिनी हट्टी आहे, परंतु स्मरणशक्ती उत्तम आहे. शाळेत गेली असती, तर माझ्यापुढे गेली असती.

आज गॅसचा धडा होता. तिने दोनदा चुकीच्या बाजूला बटण फिरवले आणि वैतागून कमरेवर हात ठेवले.

"मला कशाला शिकवतीस ह्ये समदं? तू हायस की."

"आहे," मी म्हटले, "म्हणून तर शिकवते आहे. हं, पुन्हा एकदा. आधी सिलिंडर, मग शेगडी."